दुबईच्या बॅगेत खसखस नको

आमच्या वहिनींची लेक शारजाला असते. तिचे पहिले बाळंतपण तिकडेच करायचे ठरले, तेव्हा वहिनींनी आयुष्यात पहिल्यांदा पासपोर्ट काढला. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, ''भाऊजी, तेवढा वजनकाटा घेऊन येता का? बॅग जड झालीय असं वाटतंय.''

गेलो. पलंगावर दुपटी, टोपडी, कुंच्या आणि त्यांच्या शेजारी डब्यांची रांग. हळिवाचे लाडू, बाळंतशोपा, गोडा मसाला आणि सर्वांत मोठ्या डब्यात डिंकाचे लाडू. सवयीप्रमाणे एक उचलला आणि सहज विचारले, ''काय काय घातलंय यात?''

''नेहमीचंच हो. डिंक, खारीक, खोबरं, गूळ आणि मूठभर खसखस.''

मी नोकरीनिमित्त काही वर्षे आखातात काढली आहेत. हातातला लाडू मी तसाच डब्यात ठेवला. म्हटले, ''वहिनी, वजनाचं नंतर बघू. आधी हा डबा बाजूला काढा.''

वहिनींना वाटले, मी थट्टा करतोय. पण ही थट्टा नव्हती. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातले बी. आपल्याकडे ती वाण्याच्या दुकानात उघड मिळते. संयुक्त अरब अमिरातीत मात्र ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. सौदी अरेबियातही तिला मज्जाव आहे. अफूच्या झाडाचा अंश म्हणूनच तिच्याकडे पाहिले जाते. ती लाडवात आहे की करंजीत, आणि नेणाऱ्याच्या मनात काय होते, याने फारसा फरक पडत नाही. एका युरोपीय प्रवाशाच्या कपड्यांवर पावावरच्या खसखशीचे तीन दाणे सापडले आणि त्याला दुबईत ४ वर्षांची शिक्षा झाली, अशी बातमी २००८ साली ब्रिटिश वृत्तपत्रांत आली होती. तेव्हा तिथे १९९५ चा अमली पदार्थविरोधी कायदा लागू होता. २०२१ च्या नव्या कायद्याने पहिल्यांदाच सापडलेल्यांना काही सवलत दिली, हे खरे. पण खसखशीवरची बंदी उठलेली नाही. आणि बाळंतपणासाठी निघालेल्या आईने ती सवलत आपल्याला मिळते का, याची परीक्षा विमानतळावर कशाला पाहायची?

परका असून घरचा वाटणारा देश

हे असे का होते, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. लंडन-न्यूयॉर्कला जायचे तर माणूस चार जणांना विचारतो. दुबईबद्दल कोणी विचारत नाही. मुंबईहून तीन तासांचा प्रवास, घड्याळ फक्त दीड तास मागे. टॅक्सीवाला हिंदी बोलतो, बर दुबईतल्या मीना बाजारात फिरताना दादरला आल्यासारखे वाटते. नातेही जुनेच आहे. १९६६ पर्यंत या किनाऱ्यावर रुपयाच चालत असे. १९५९ पासून तर रिझर्व्ह बँकेने आखातासाठी रुपयाच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. 'दुकान', 'हिशेब', 'किंमत' हे आपले रोजचे शब्दही मुळात अरबीच.

त्यामुळे आपण घरातल्या घरात निघाल्यासारखे निघतो आणि घरातलेच सारे बॅगेत भरतो. पण विमानातून उतरल्यावर लागू होतो तो तिथला कायदा. आपल्या माणसांची अडचण वाळवंटात किंवा परक्या भाषेत होत नाही. ती होते डब्यात, औषधाच्या पिशवीत आणि शेजाऱ्याने दिलेल्या पुडक्यात.

तेव्हा आधी डबा तपासावा. खसखस आपल्या स्वयंपाकघरात कुठे कुठे असते, ते आठवून पाहा. अनारशाला लावलेली, करंजीच्या सारणातली, डिंकाच्या लाडवातली, अनेक घरांच्या गोड्या मसाल्यातली, बेकरीतल्या पावावरची. विकतच्या मसाल्याच्या पाकिटावर छापलेले साहित्य वाचावे. घरचा मसाला न्यायचा असेल तर खसखस वगळून वेगळा करावा. जुनी बॅग वापरायची असेल तर ती आधी झटकून, पुसून घ्यावी. पूजेसाठी म्हणून विड्याची पाने नेऊ नयेत. पान, गुटखा तर नाहीच नाही. आणि सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच विमानतळावर काढून ठेवाव्या लागतात. तेलामुळे ते लवकर पेट घेते, म्हणून विमानाच्या सामानात चालत नाही.

औषधांची पिशवी

डब्यानंतर मी वहिनींची औषधे मागितली. त्यांनी प्लॅस्टिकची एक डबी पुढे केली. सोमवार ते रविवार असे सात कप्पे, त्यांत सुट्या गोळ्या. ''यातली कुठली कशाची?'' ''पांढरी बीपीची, गुलाबी साखरेची, आणि ही रात्रीची, झोपेची.''

ही तिसरी गोळी महत्त्वाची. आपल्याकडे डॉक्टर सहज लिहून देतात अशी कितीतरी औषधे अमिरातीत नियंत्रित यादीत आहेत. झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. जोरदार वेदनांवरचे ट्रामाडॉल. कोडीन असलेली खोकल्याची औषधे. आणि मधुमेहाने पायांची आग होते त्यांना दिले जाणारे प्रेगाबालिनसुद्धा. ही औषधे न्यायची असतील तर तिथल्या सरकारी संकेतस्थळावर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागते. अर्जासोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची असते. घरातले कोणीही चुणचुणीत मूल हे काम करून देईल, पण ते तिकीट काढले त्याच आठवड्यात करावे, आदल्या रात्री नव्हे.

बाकीच्या औषधांसाठी नियम साधा आहे. गोळ्या मूळ पाकिटात ठेवाव्यात, मुक्कामाला पुरतील एवढ्याच न्याव्यात. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्यावी आणि तीत औषधाचे कंपनीने दिलेले नाव न लिहिता मूळ नाव लिहून घ्यावे. तिथे उपचार महाग पडतात, म्हणून निघण्यापूर्वी प्रवासाचा विमा उतरवावा. वयस्कर माणसांनी आपले जुने आजार विम्यात लपवू नयेत.

वहिनींच्या झोपेच्या गोळीचे काय? त्यांच्या डॉक्टरांना रात्रीच फोन केला. ते म्हणाले, ''कधीतरीच घेतात त्या. महिनाभर नाही घेतली तरी चालेल.'' प्रश्न मिटला. पण रोज घेणाऱ्याने आपल्या मनाने असे औषध अचानक बंद करू नये. डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवावे.

''एवढं आमच्या राजाला द्या''

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या. हातात कापडात शिवलेले पुडके. ''माझा नातू तिकडेच आहे गं. एवढं त्याला पोचव. जास्त नाही, दोन किलो असेल.''

आपल्या समाजात याला नाही म्हणणे फार जड जाते. पण नाही म्हणायलाच हवे. २०२३ मध्ये मुंबईची एक अभिनेत्री शारजाच्या विमानतळावर पकडली गेली. कामाच्या निमित्ताने नेण्यासाठी म्हणून तिच्या हाती एक करंडक देण्यात आला होता. त्यात अमली पदार्थ लपवलेले निघाले. तिला गोवण्यासाठी हे केले गेल्याचे मुंबई पोलिसांच्या तपासात पुढे आले आणि तिची सुटका झाली, पण तोवर तिला कोठडी भोगावी लागली होती.

आजींच्या मनात काळेबेरे असणे शक्यच नव्हते. पण त्यांच्या पुडक्यातही चकल्यांबरोबर अनारसे असणारच की! वहिनींनी धीर करून सांगितले, ''आजी, रागावू नका. तुमच्यासमोरच उघडते, नाहीतर मला नेता येणार नाही.'' पुडके उघडले. अनारसे घरी राहिले, चकल्या बॅगेत गेल्या. आजी थोड्या नाराज झाल्या. तेवढी नाराजी परवडते. बॅग स्वतः भरावी, स्वतः कुलूप लावावे आणि विमानतळावर अनोळखी माणसाची पिशवी क्षणभरही हातात धरू नये.

कागद, पैसा, हवा

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्या बहुतेकांना व्हिसा आधी काढावा लागतो. तो ३० किंवा ६० दिवसांचा मिळतो. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. पासपोर्टवर फक्त एकच शब्द नाव म्हणून असेल, आडनाव नसेल, तर २०२२ च्या नोव्हेंबरपासून पर्यटन व्हिसावर अडचण येते. आपल्याकडच्या अनेक वयस्कर बायकांचे कागद असे असतात, म्हणून हे आधी पाहावे. परतीचे तिकीट आणि राहण्याच्या जागेचा कागद हाताशी ठेवावा. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५० दिरहम दंड पडतो.

दिरहमची डॉलरशी सांगड आहे, एका डॉलरला साधारण ३.६७ दिरहम. त्यामुळे रुपयाचा भाव डॉलरकडे पाहून कळतो. नोव्हेंबर ते मार्च हवा सुखाची असते. जून ते ऑगस्ट पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा म्हाताऱ्यांनी आणि लहान मुलांनी दुपारी बाहेर पडू नये. भिंतीवरचे प्लग तीन चौकोनी पायांचे असतात, जोडणी बरोबर न्यावी. वॉट्सअॅपवर निरोप जातो, पण त्यावरून बोलणे सहसा लागत नाही. घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे, नाहीतर इकडे काळजी सुरू होते.

तिथे वावरताना

दुबईची मेट्रो २००९ मध्ये सुरू झाली. तिच्यात बायका आणि मुलांसाठी वेगळा भाग असतो. पुरुषांनी चुकून तिथे चढू नये. डब्यात खाल्ले तर १०० दिरहम दंड, मग तो लाडू असो की चिवडा. खाडी ओलांडायला लाकडी होडी आहे. तिला 'अब्रा' म्हणतात. देरा ते बर दुबई एका दिरहममध्ये जाता येते, आणि माझ्या मते या शहरातली सर्वांत सुंदर सफर तीच. २०२२ पासून तिथे शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवार अर्धा दिवस असतो. शारजात मात्र शुक्रवारपासून तीन दिवस सुट्टी असते. शारजात दारूला पूर्ण बंदी आहे. रमजानच्या महिन्यात दिवसा रस्त्यावर खाणेपिणे टाळावे.

कोणाचाही, विशेषतः बायकांचा, फोटो विचारल्याशिवाय काढू नये. सरकारी इमारती आणि अपघात यांचे तर मुळीच काढू नयेत. फोनवरच्या संदेशातून कोणाला शिवी दिली तरी तिथे गुन्हा होतो. अडचण आली तर पोलिसांचा क्रमांक ९९९ आणि रुग्णवाहिकेचा ९९८.

येताना सोने आणायचा मोह सर्वांना होतो. एक गोष्ट लक्षात ठेवावी. दागिन्यांची करमुक्त सवलत, बाईला ४० ग्रॅम आणि पुरुषाला २० ग्रॅम, ही वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. महिनाभर लेकीकडे राहिलेल्या आईला ती लागू नाही. आणलेले सोने सांगून कर भरावा. घरचे जड दागिने घालून जाणार असाल तर निघतानाच कस्टम्सकडून तसा दाखला घ्यावा, म्हणजे परतताना ते नवे समजले जात नाहीत. त्याहून सोपे म्हणजे मंगळसूत्र आणि दोन बांगड्या, एवढेच घालून जावे.

त्या रात्री अकरा वाजता वहिनींनी पुन्हा कढई चढवली. डिंक तळला, खारीक-खोबरे होतेच. खसखस नसलेले पंचवीस लाडू झाले. गोडा मसाला कपाटात परत गेला. बॅगेचे वजन आपोआप आटोक्यात आले.

आठ दिवसांनी लेकीचा फोन आला. मुलगी झाली होती. मी विचारले, ''लाडू कसे झालेत?'' ती म्हणाली, ''काका, आईला सारखं वाटतंय की काहीतरी कमी आहे. मला तर कळलंही नाही. आणि खरं सांगू? डिंक, खारीक सगळं इथे खालच्या दुकानात मिळतं. मला फक्त आई वेळेवर पोचायला हवी होती.''

विमानतळावर कोणी अडवले नाही, त्यामुळे ती पोचली होती.