ट्रेमोलो, संश्लेषकावरील

ट्रेमोलो : स्वराची उच्चनीचता कायम ठेवून त्याची तीव्रता ठराविक गतीने कमीजास्त करीत राहिल्यास जो स्पंदनाचा परिणाम मिळतो, त्यास ट्रेमोलो म्हणतात. उच्चनीचताच हलविली, तर तो व्हायब्रॅटो होय. आपल्या संगीतातील आंदोलन व गमक हे प्रकार त्याला जवळचे आहेत, ट्रेमोलोला नव्हेत. या दोन संज्ञांचा घोटाळा वाद्यनिर्मात्यांनीच वाढविला. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारवरील (१९५४) ‘ट्रेमोलो’ दांडी तारांचा ताण बदलून स्वर हलविते, तर त्याच कंपनीच्या कित्येक विवर्धकांवर ‘व्हायब्रॅटो’ असे लिहिलेली सोय प्रत्यक्षात तीव्रताच बदलते.

रॉबर्ट मूग यांनी हर्बर्ट डॉइच या संगीतकाराच्या सहकार्याने १९६४ मध्ये विद्युत् दाबाने नियंत्रित होणारे संश्लेषकाचे घटक तयार केले. अशा वाद्यात ट्रेमोलोसाठी दोन घटक पुरतात. स्वर ज्यातून जातो तो दाब-नियंत्रित विवर्धक हा पहिला, आणि नीच कंप्रतेचा आंदोलक हा दुसरा. या आंदोलकाची कंप्रता साधारणतः ०·१ ते २० हर्ट्‌झ असते. तो स्वतः ऐकू येत नाही. त्याचा दाब विवर्धकास दिला की, आवाज त्या गतीने चढतो व उतरतो. परमप्रसर निम्मा झाला, तर पातळी सुमारे ६ डेसिबेलने उतरते. आवाज पूर्ण तुटायला हवा असेल, तर खोली याहून बरीच वाढवावी लागते.

परिणामाचे रूप आंदोलकाच्या तरंगाकारावर अवलंबून असते. ज्या-तरंगाने मृदू हेलकावे मिळतात. चौकोनी तरंगाने आवाज तुटक होतो. मात्र तीव्रता क्षणात बदलल्याने प्रत्येक वेळी ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून कडा काही मिलिसेकंदांनी बोथट कराव्या लागतात. एकदम चढून हळूहळू उतरणाऱ्या करवती तरंगाने सलग स्वरही छेडलेल्या तारेसारखा भासतो. हाच तरंग उलटा केला, तर ध्वनिफीत उलट वाजविल्याचा भास होतो.

वादकाची खरी अडचण गतीची असते. मिनिटास १२० ठोक्यांची लय असेल, तर एका ठोक्यास अर्धा सेकंद लागतो; म्हणून ठोक्यागणिक एक स्पंद हवा असल्यास २ हर्ट्‌झ, दोन हवे असल्यास ४ व तीन हवे असल्यास ६ हर्ट्‌झ गती ठेवावी लागते. आता ४ ऐवजी ४·०५ हर्ट्‌झ ठेवली, तर कानाला फरक कळत नाही. पण १० सेकंदांत आंदोलक अर्ध्या आवर्तनाने पुढे जातो आणि जेथे आवाज भरायचा तेथेच तो उतरू लागतो. ढोलवादक मग हतबल होतो. म्हणून आंदोलक प्रत्येक स्वरारंभी पुन्हा सुरू करतात किंवा घड्याळ-संकेताला बांधतात. १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी पद्धतीत असा संकेत ठोक्यास २४ वेळा पाठविला जातो. केवळ रंगत आणायची असेल तेथे मात्र मोकळा आंदोलकच बरा.

प्रत्येक संश्लेषकावर ही सोय नसते. सुप्रसिद्ध मिनिमूगमध्ये (१९७०) विरूपणाची वाट आंदोलक व छानक यांकडे जाते, विवर्धकाकडे नाही. तेथे छानकाची मर्यादा हलवून आवाजाचा उजाळा व त्याबरोबर तीव्रता स्पंदित करतात. उलट, ‘द हू’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या ‘बाबा ओ’रायली’ (१९७१) या गीताच्या आरंभीचे स्पंदन अनेकांना संश्लेषकाचे वाटते, पण ते लॉरी ऑर्गनवरील ‘मरिंबा रिपीट’ या सोयीचे आहे. (शीर्षकातील ‘बाबा’ म्हणजे अहिल्यानगर—पूर्वीचे अहमदनगर—जवळ मेहेराबाद येथे समाधी असलेले मेहेरबाबा.) त्याच संग्रहातील ‘वोन्ट गेट फूल्ड अगेन’मध्ये मात्र ऑर्गनचा आवाज व्हीसीएस ३ या संश्लेषकातून नेलेला आहे.

तीव्रतेतील चढउतार कानास सर्वाधिक जाणवतात ते सुमारे ४ हर्ट्‌झ गतीला. गती २० हर्ट्‌झच्या पुढे गेली की, सुटे स्पंद ओळखू येत नाहीत व स्वर खरखरीत होतो. आणखी वाढविल्यास नवे स्वर उमटतात : ४४० हर्ट्‌झचा स्वर १०० हर्ट्‌झच्या ज्या-तरंगाने स्पंदित केला, तर त्याच्याबरोबर ३४० व ५४० हर्ट्‌झचे स्वरही ऐकू येतात.