मालदांडीचे माहेर

वाण्याच्या दुकानात उभे राहून 'ज्वारी कोणती?' असे सहज विचारून पाहावे. वर मानही न करता उत्तर येते, 'मालदांडी!' पोत्यात काय असेल ते असो, नाव मात्र ठरलेले. खोटे नाणे पाडणारा खऱ्या राजाचाच छाप उचलतो, त्यातलाच हा प्रकार. पण जिच्या नावावर इतका माल खपतो ती मालदांडी कोण, कुठली, हे भाकरीचा तुकडा मोडताना आपल्याला कुठे ठाऊक असते?

तिचे माहेर सोलापूर जिल्हा. इथल्या काळ्या रानात शेतकरी पिढ्यान् पिढ्या ही रब्बी ज्वारी पेरीत आले. सुगीत भरदार कणसे हेरायची, बियाण्यासाठी बाजूला बांधून ठेवायची, एवढीच त्यामागची विद्या. असे गावरान पीक एका साच्यातले नसते. एकाच वावरात एखादे धाट उंच तर एखादे ठेंगणे, एखादे लवकर निसवणारे तर एखादे रेंगाळणारे, असा सारा गोतावळा नांदत असतो. १९३० नंतरच्या दशकात सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळच्या शेतावर या गोतावळ्यातून एक वाण निवडून काढण्यात आला. त्याचे कागदोपत्री नाव 'एम ३५-१'. दोन जातींचा संकर करून तो घडवलेला नाही, ही निवड आहे. म्हणजे शेतकरी डोळ्यांनी जे करीत आला, तेच शास्त्रज्ञाने वही-पेन्सिल घेऊन, नोंदी ठेवून केले.

या वाणाचे गुण काय? धाट पुरुषभर उंच किंवा त्याहूनही अधिक. कणीस भरीव. दाणा टपोरा, गोलसर, पांढरा आणि मोत्यासारखा चकचकीत. भाकरी गोडसर होते आणि डब्यात घालून नेली तरी दुपारपर्यंत मऊ राहते. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. म्हणून तर ते कढत पाण्यात मळून भाकरी हातावर थापावी लागते. अशा पिठाची भाकरी काठाला न चिरता उतरली, की निम्मे श्रेय दाण्याचे, असे अनुभवी गृहिणी सांगतात. उरलेले निम्मे त्या स्वतःकडे ठेवतात, आणि ते योग्यच आहे!

पण शेतकऱ्याला ही ज्वारी प्रिय झाली ती केवळ चवीमुळे नव्हे. सोलापूरचा पाऊस लहरी. रब्बीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते, आणि मग पाऊस पाठ फिरवतो. पुढचे सुमारे चार महिने पिकाने जगायचे ते खोल काळ्या जमिनीने पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर. मालदांडी मुळे खोल घालते. पानांवर मेणाचा पातळ थर असतो. ओल तुटू लागली की पाने स्वतःला गुंडाळून घेतात आणि पाणी जपतात. खोडमाशीलाही ती सहजासहजी दाद देत नाही. शिवाय दाणा घरात आला तरी कडबा उरतोच, आणि तो गुरे आवडीने खातात. माणसाचे आणि जनावराचे पोट एकाच पेरणीत भरते.

१९६४ साली 'सीएसएच-१' हा ज्वारीचा पहिला संकरित वाण आला. उत्पन्न वाढले, पण ते पीक खरिपाचे. ऐन पक्वतेला पाऊस लागला की दाणा काळवंडे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर परदेशी लाल मिलो आला. त्या दिवसांतल्या भाकरीची आठवण काढली की आमच्या पिढीतली माणसे आजही तोंड वाकडे करतात. (तिने जीव वाचवले, हेही विसरू नये.) रब्बीच्या रानात मात्र मालदांडी टिकून राहिली. आणखी एक कारण होते. संकरित बी दरसाल विकत घ्यावे लागते. मालदांडीचे बी घरच्या कणग्यात असते.

आज तिच्यापुढे वेगळेच संकट आहे. १९८० साली उजनीचे धरण झाले. पाणी आले, त्यामागून ऊस आला. ज्वारी उपटून काढायची तर माणसे लागतात, आणि माणसे मिळत नाहीत. इतके उंच पीक यंत्राला सोयीचे नाही. दर पडला की शेतकरी हिशेब करतो आणि पुढच्या वर्षी घरापुरतीच पेरतो. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? आपण शहरात गव्हाच्या पोळीकडे वळलो, तेव्हा ज्वारीचा विचार कुणी केला होता?

सोलापूर जिल्ह्यातलेच मंगळवेढे ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध. दामाजीपंतांची कथा याच गावची. दुष्काळात त्यांनी बादशाही कोठारे रयतेसाठी उघडली आणि प्रत्यक्ष विठोबाने विठू महाराच्या रूपाने बेदरला जाऊन त्या धान्याचे मोल चुकवले, असे भाविक सांगतात. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचे म्हणून साजरे झाले. मानांकनाने नाव राखता येते; वाण मात्र पेरला तरच राहतो. बी पाच-दहा वर्षे पोत्यात पडून राहिले तर पुढे ते उगवेल याचा भरवसा नाही. मोल चुकवायला दरवेळी विठोबाने यावे, ही अपेक्षाही बरी नव्हे.

दिवाळीचा फराळ संपला की थंडी पडेल आणि पौष-माघात सोलापूरकडच्या शिवारांत हुरड्याच्या आगट्या पेटतील. पाहुणे म्हणून जाल तेव्हा शेंगांच्या चटणीबरोबर हुरडा अवश्य खा. आणि निघताना त्याच शेतकऱ्याला विचारा, वर्षाची ज्वारी आमच्या घरी पोहोचवाल का? तिचे नाव तो सांगेल. दुकानदाराला विचारण्याची गरज पडणार नाही.