दुसऱ्या जोडीचा आराखडा

पृथ्वीवरचं पाणी तोलणारे दोन उपग्रह सध्या जमिनीपासून सुमारे ५०० किलोमीटर उंचीवर एकामागोमाग धावत आहेत. पृथ्वीकडे रोखलेला कॅमेरा त्यांच्यावर नाही. दोघांमध्ये साधारण २२० किलोमीटरचं अंतर असतं, आणि त्या अंतरात होणारी वधघट हीच त्यांची सगळी मोजणी. पुढचा उपग्रह पावसाने जड झालेल्या गंगेच्या खोऱ्याजवळ आला की किंचित ओढला जातो आणि अंतर वाढतं. अर्ध्या मिनिटाने मागचाही तिथे पोचतो, ओढला जातो, आणि अंतर पुन्हा घटतं. याच रीतीने नासा आणि जर्मनीच्या ‘ग्रेस’ मोहिमेने २००२ ते २०१७ या काळात ग्रीनलंडचा वितळता बर्फ तोलला. पंजाब, हरियाणा आणि राजस्थानच्या जमिनीखालून २००२ ते २००८ दरम्यान १०९ घन किलोमीटर पाणी उपसलं गेल्याचंही याच मोजणीतून कळलं.

‘ग्रेस’मध्ये अंतर सूक्ष्मलहरींनी मोजलं जाई, मायक्रोमीटरच्या अचूकतेने. २०१८ साली गेलेल्या ‘ग्रेस फॉलो-ऑन’वर, म्हणजे सध्याच्या जोडीवर, प्रयोगादाखल लेझर बसवला आणि मोजणी नॅनोमीटरवर आली. पट्टी इतकी बारीक झाल्यावर नकाशाही तितकाच स्पष्ट व्हायला हवा होता. तसं झालं नाही. दर महिन्याच्या कच्च्या नकाशावर उत्तर-दक्षिण पट्टे उमटतातच, आणि ते पुसताना खरी माहितीही थोडी पुसली जाते.

काही दोष प्रवेगमापकांचा, म्हणजे हवेच्या खेचीसारखे इतर धक्के मोजणाऱ्या उपकरणांचा आहे. पण मोठं कारण म्हणजे पृथ्वीवरचं वस्तुमान उपग्रहांच्या फेऱ्यांपेक्षा जास्त घाईत असतं. समुद्राची भरती दिवसातून दोनदा येते, हवेचा दाब तासातासाला बदलतो, आणि सगळी पृथ्वी विणून काढायला एका जोडीला जवळपास महिना लागतो. किनाऱ्यावरच्या माणसाने दर साडेबारा तासांनीच समुद्राकडे पाहिलं, तर भरतीची ओहोटी व्हायला चाळीसेक दिवस लागतात असंच त्याला वाटेल. ‘ग्रेस’च्या बाबतीत नेमकं हेच घडलं. सूर्यामुळे दर बारा तासांनी येणारी भरती त्याच्या नोंदींत १६१ दिवसांची लाट होऊन दिसते. भरतीच्या गणितातली जराशी चूक मग ऋतूप्रमाणे हलणाऱ्या पाण्याचं सोंग घेऊन नकाशात शिरते.

म्हणूनच भावी मोहिमांच्या आराखड्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दुसऱ्या जोडीचा विचार. कोलोरॅडोचे पीटर बेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली तो मांडला: एक जोडी ध्रुवांवरून जाणारी, दुसरी तिरप्या कक्षेत. ध्रुवीय जोडी फक्त उत्तर-दक्षिण ओढ मोजते. तिरपी जोडी तिच्या वाटा आडव्या छेदते, त्यामुळे पूर्व-पश्चिम फरकही हाती लागतो आणि तोच प्रदेश जास्त वेळा पाहिला जातो. आता ‘ग्रेस-सी’ ही ध्रुवीय जोडी २०२८ मध्ये आणि युरोपीय अवकाश संस्थेची ‘एनजीजीएम’ ही सुमारे ७० अंशांच्या कक्षेतली जोडी पुढच्या दशकाच्या सुरुवातीला पाठवायची योजना आहे. दोन्हींचं एकत्र नाव ‘मॅजिक’.

उंची किती ठेवायची, यावर खरी ओढाताण आहे. जितकं खाली जावं तितके लहान प्रदेशांचे संकेत ठळक होतात, पण विरळ हवाही उपग्रहाला मागे खेचू लागते. युरोपचा ‘गोचे’ २००९ पासून २५५ किलोमीटरवर, शेवटी तर २२४ किलोमीटरवर उडाला. हवेची खेच तो झेनॉनच्या आयन इंजिनाने क्षणोक्षणी भरून काढत असे. ऑक्टोबर २०१३ मध्ये झेनॉन संपला आणि तीन आठवड्यांत तो फॉकलंड बेटांजवळ कोसळला. ‘एनजीजीएम’ला कितीतरी वर्षं टिकायचं आहे, म्हणून सुमारे ४०० किलोमीटरची तडजोड.

कक्षा राखण्यालाही तितकंच महत्त्व. २००४ च्या सप्टेंबरात ‘ग्रेस’ उतरता उतरता अशा उंचीवर आला की चार दिवसांत ६१ फेऱ्या पुऱ्या करून तो पुन्हा त्याच वाटांवरून जाऊ लागला. मधल्या फटी मोठ्या झाल्या आणि त्या काळातले नकाशे बिघडले.

असे निर्णय आधी संगणकावर तावून सुलाखून घेतले जातात. पॉट्सडॅमच्या जीएफझेड संस्थेने समुद्र, हवा, बर्फ, जमिनीतलं पाणी यांची कृत्रिम पृथ्वी तयार केली आहे. तिच्याभोवती कागदावरचे उपग्रह फिरवायचे, मोजणीत उपकरणांचा गोंगाट मिसळायचा, भरतीच्या गणितात मुद्दाम चूक ठेवायची, आणि मग त्या बिघडलेल्या नोंदींवरून पृथ्वी पुन्हा उभी करायची. मूळ उत्तर आधीच माहीत असतं, त्यामुळे कुठे किती चुकलं ते लगेच उघडं पडतं.

मराठवाड्याला यातून काय मिळेल? त्याचं क्षेत्र सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर, आणि एका जोडीची नजर तीनशे किलोमीटरहून बारीक जात नाही. त्यामुळे आज त्याचा आकडा शेजारच्या प्रदेशांत मिसळून जातो. शिवाय आपला दगड बेसाल्ट. पंजाबच्या गाळाच्या थरांत पाणी भरपूर मावतं, इथे खडकाच्या भेगांत जेमतेम. विहिरीची पातळी एक मीटर उतरली तरी प्रत्यक्षात जमिनीतून सुमारे दोन सेंटीमीटरच पाणी गेलेलं असतं. गावाला टँकर लागतो, उपग्रहाला मात्र जेमतेम चाहूल लागते. दोन जोड्या आल्या तरी तालुक्याचा हिशेब विहिरींवरूनच करावा लागेल. पण संपूर्ण मराठवाड्याचा, तोही महिन्याऐवजी आठवड्यांच्या अंतराने, लागू शकेल का, हे तपासण्यासारखं आहे. कृत्रिम पृथ्वी अभ्यासकांना खुली आहे, निरीक्षण विहिरींच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे आहेत. आपल्या एखाद्या विद्यापीठाने हे काम ‘एनजीजीएम’ उडण्याआधीच हाती घ्यावं.