जमा आणि नावे
(द्वितीय वर्ष, कला)

व्यापार म्हटला की भांडवल, माल आणि जागा या तीन गोष्टी डोळ्यांसमोर येतात. चौथी गोष्ट सहसा कोणी मोजत नाही, कारण ती तराजूत मावत नाही. ती म्हणजे गिऱ्हाइकाचे नाव. डेल कार्नेगी या अमेरिकन लेखकाने १९३६ साली माणसे जोडण्यावर जे गाजलेले पुस्तक लिहिले, त्यात समोरच्याचे नाव लक्षात ठेवण्याला मानाचे स्थान दिले आहे. आमच्या धानोऱ्याच्या बाजारातील दुकानदारांनी कार्नेगीचे नाव ऐकले नसेल. पण ही विद्या त्यांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. ती कशी चालते आणि तिचा आम्हा गिऱ्हाइकांना आधार किती व जाच किती, हे येथे मांडावयाचे आहे.

आमच्या भागात नाव लक्षात ठेवणे शहरापेक्षा अवघड आहे. भिल समाजात मूल ज्या वारी जन्मले त्या वारावरून त्याचे नाव ठेवण्याची जुनी चाल आहे. सोमवारचा सोमा, मुलगी असेल तर सोमी. मंगळवारची मंगली, बुधवारचा बुध्या, शुक्रवारचा सुकऱ्या, शनिवारचा शन्या, रविवारचा दित्या. वार सातच, तेव्हा एका पाड्यावर चार सोमा निघाले तर नवल नाही. आडनावानेही उलगडा होत नाही, कारण वळवी, वसावे, पाडवी, गावित, नाईक अशी मोजकीच आडनावे घरोघर आहेत. (आता मुलांची नावे राहुल आणि आकाश ठेवतात, पण त्यामुळे अडचण कमी झालेली नाही, आता चार राहुल निघतात.) म्हणून मुरलेला दुकानदार नुसते नाव पाठ करीत नाही. तो नावाला बापाचे नाव जोडतो, पाडा जोडतो आणि तेवढ्याने भागले नाही तर बैलही जोडतो. तांबड्या बैलांचा सोमा, विहिरीजवळचा सोमा, गुजरातेत ऊसतोडीला जाणारा सोमा.

या युक्तीला मानसशास्त्राचा आधार आहे. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावे आणि धंदे सांगण्यात आले. ‘बेकर’ हे इंग्रजांचे आडनाव आहे आणि पाव भाजणाऱ्यालाही बेकरच म्हणतात. हाच शब्द धंदा म्हणून सांगितला तर तो अधिक आठवे, आडनाव म्हणून सांगितला तर निसटे. कारण उघड आहे. धंदा म्हटला की भट्टी, पीठ, पावाचा वास असे अनेक धागे मनात जुळतात. नुसत्या नावाला धागा नसतो. तांबडे बैल म्हणजे दुकानदाराने स्वतः ओवलेला धागाच होय. दुसरी गोष्ट उजळणीची. लँडॉअर आणि ब्योर्क या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ साली दाखवून दिले की नाव ऐकल्यावर थोड्या वेळाने, मग जरा जास्त वेळाने, असे वाढत्या अंतराने आठवून पाहिले की ते पक्के होते. आठवडे बाजार दर सात दिवसांनी दुकानदाराची परीक्षाच घेत असतो. (आमच्या वर्गात हजेरी क्रमांकाने होते, त्यामुळे प्राध्यापकांना ही सोय नाही.)

परंतु नाव लक्षात ठेवणे वेगळे आणि ते कसे उच्चारले जाते हे वेगळे. मोठ्या बागायतदाराला दुकानात ‘या आप्पा, बसा’ असे स्वागत मिळते. त्याचे नाव ठाऊक असूनही कोणी घेत नाही. साठीच्या आदिवासी गिऱ्हाइकाला मात्र ‘काय रे सोम्या, काय देऊ?’ असे विचारतात. आमच्या बोलीत सोम्या हे नाव स्वतःचेच आहे, त्यात कमीपणा नाही. आजी आजोबांच्या भावाला तसेच म्हणते. कमीपणा त्या ‘काय रे’त आहे. मिठाचा भाव दोघांना एकच पडतो, हे खरे. तरीही माझ्या मते त्या दोघांनी एकच वस्तू विकत घेतलेली नसते.

याहून महत्त्वाची गोष्ट वहीतल्या नावाची आहे. हिशेबाच्या मराठीत आलेली रक्कम ‘जमा’ होते आणि उधार दिलेली रक्कम ‘नावे’ पडते. म्हणजे माणसाचे नाव वहीत शिरते ते देणेकरी म्हणून. पावसाळ्याच्या तोंडी बियाणे, तेल, मीठ उधार मिळते ते ओळखीवरच. ज्याचे नाव दुकानदाराला ठाऊक नाही त्याला कोणी दमडीचे देणार नाही. या आधाराला कमी लेखून चालणार नाही. आमच्या घरची चूल अशा उधारीवर कितीतरी पावसाळे पेटली आहे. मात्र ज्याच्या नावे रक्कम पडते त्याला ती वाचता येत नसेल, तर तेच नाव दुसऱ्याच्या हातातील दोरी होते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांनी हिसकावून जाळले ते मुख्यतः कर्जरोखे व कागद. आमच्या जवळचा दाखला शहादा-तळोद्याचा. तेथे १९७० नंतरच्या वर्षांत अंबरसिंग महाराज आणि १९७२ साली स्थापन झालेली श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी लढा दिला. पुढे अनुसूचित जमातींना जमिनी परत देण्याचा १९७४ चा कायदा आला. वहीत चढलेली नावे सातबाऱ्यावरून कशी उतरली, हा त्या लढ्यातला प्रश्न होता. आमच्या घरात वहीतले पान वाचू शकणारी पहिली व्यक्ती मी आहे, म्हणून हा इतिहास मला परीक्षेपुरता वाटत नाही.

बायकांच्या नावांचे तर निराळेच. माझी आई बाजारात अंबाडी आणि शेवग्याच्या शेंगा विकते, आणि त्याच पैशांतून किराणा नेते. म्हणजे ती विकणारीही आहे आणि गिऱ्हाईकही. तरी तिचे नाव बाजारात कोणाला माहीत नव्हते. ती ‘भाजीवाली’, फार तर अमक्याची बायको. जो दुकानदार शंभर पुरुषांची नावे बापासह सांगतो, त्याला दहा बायकांची सांगता येत नाहीत. यात स्मरणशक्तीचा दोष नाही. ज्याच्या नावे उधारी लिहायची त्याचेच नाव तो लक्षात ठेवतो, आणि उधारी घरातल्या पुरुषाच्या नावे लिहिली जाते.

येथे बचत गटाने थोडा फरक पडला आहे. नाबार्डने १९९२ साली बचत गट बँकांशी जोडण्यास सुरुवात केली, आणि ती चळवळ हळूहळू आमच्या पाड्यांपर्यंत आली. गटाच्या मासिक बैठकीत प्रत्येकीचे नाव मोठ्याने पुकारतात आणि त्यापुढे रक्कम जमा होते. आईचे पूर्ण नाव चारचौघांत उच्चारलेले मी प्रथम तेथेच ऐकले. तिने ‘हजर’ म्हणायला जरा वेळ लावला.

किराणा दुकानातले खाते मात्र अजून वडिलांच्याच नावावर आहे. वडील वर्षातून पाच महिने ऊसतोडीला असतात. माल आई आणते, पैसे आई भरते, आणि जमा वडिलांच्या पानावर होते. गेल्या महिन्यात मी ते पान मागून घेतले, बेरीज तपासली (ती बरोबर होती), आणि पानावर आईचे नाव घालावे असे दुकानदार काकांना सांगितले. ते म्हणाले, ‘‘ताई, चालू वहीत नाव फिरवत नाहीत. दिवाळीला नवी वही घालू तेव्हा सांग. आणि आईचे नाव काय म्हणालीस?’’ मी सांगितले. त्यांनी ते पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. दिवाळीला अजून आठ महिने आहेत.