ओटी आणि ताट

गरोदरपणात स्त्रीला विशिष्ट पदार्थ खाण्याची जी अनावर इच्छा होते, तिला मराठीत डोहाळे म्हणतात. संस्कृतातील ‘दोहद’ या शब्दापासून आलेल्या या शब्दाशी आयुर्वेदाच्या संहितांमधील ‘दौहृद’ ही कल्पना जोडलेली आहे. गर्भाचे हृदय व्यक्त झाल्यावर स्त्री दोन हृदयांची होते, आणि तिच्या तोंडून गर्भच आपले मागणे मांडत असतो, म्हणून ते पुरवले पाहिजे, असे ही कल्पना सांगते. सातव्या महिन्यात हिरवी साडी, फुलांची वाडी म्हणजे फुलांचे दागिने, सजवलेला झोपाळा आणि आवडीच्या पदार्थांचे ताट यांसह होणारे डोहाळजेवण हे त्याच जाणिवेचे सामाजिक रूप होय. मात्र हा सोहळा परंपरेने घराच्या उंबऱ्याआत, नातेवाइकांच्या गोतावळ्यात आणि घरच्या ऐपतीप्रमाणे होत आला, त्यामुळे ज्या स्त्रीला चांगल्या ताटाची सर्वांत जास्त गरज असे, तिच्या वाट्याला तो अनेकदा येतच नसे.

अलीकडच्या वर्षांत याच सोहळ्याला अंगणवाडी हे दुसरे ठिकाण मिळाले आहे. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात सुरू झाली, आणि सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांच्यापर्यंत आहार आणि आरोग्यसेवा पोहोचवणारे तिचे गावपातळीवरचे केंद्र म्हणजे अंगणवाडी. मार्च २०१८ मध्ये पोषण अभियान सुरू झाल्यावर या केंद्रांवर महिन्यातून दोन ‘समुदाय आधारित कार्यक्रम’ घेण्याची पद्धत घालून देण्यात आली. गरोदर स्त्रीचे डोहाळजेवण, सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाचे उष्टावण म्हणजे अन्नप्राशन, आणि घरातील पुरुषांना आहाराबद्दल सांगणारा सुपोषण दिवस हे त्यांतील प्रमुख प्रकार आहेत. आरोग्याचा संदेश पत्रकातून दिला तर तो घडी घालून ठेवला जातो, पण ओळखीच्या विधीतून दिला तर तो घरच्या बोलण्यात शिरतो, असा यामागचा हिशेब असल्याचे दिसते.

एका कार्यक्रमासाठी अभियानाने २५० रुपयांची तरतूद धरली. एवढ्या पैशांत नारळ, खण, फुले आणि दहा-पंधरा जणींचा अल्पोपहार बसवणे कठीण असल्याने कार्यक्रमाचा मोठा भाग गावाच्या वस्तूंवर उभा राहतो. मुले आहार घेऊन घरी गेली की अंगणवाडीची मदतनीस खोली झाडून सतरंजी अंथरते, समोरच्या घरातून एक खुर्ची येते, तिच्यावर कोणाची तरी ठेवणीतली शाल किंवा साडी पडते, आणि तोच उत्सवमूर्तीचा झोपाळा ठरतो. शेवग्याचा पाला ज्याच्या दारात झाड असेल त्याच्याकडून, अंडी कोंबड्या पाळणाऱ्या घरातून, तर शेंगदाण्याचे किंवा नाचणीचे लाडू बचत गटातील एखादीकडून येतात. आरोग्य सेविकेचे लसीकरण सत्र आणि ग्राम आरोग्य व पोषण दिवस त्याच दिवशी असेल, तर वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि गोळ्यांचा साठाही त्याच खोलीत येतो, आणि सोहळा व तपासणी यांची सरमिसळ होऊन जाते.

या सरमिसळीचे सर्वांत बोलके रूप ओटीत दिसते. घरच्या ओटीत खण, नारळ, तांदूळ किंवा गहू, हळकुंड, सुपारी, खारीक आणि बदाम असतात, आणि ते जिन्नस पोषणापेक्षा सुफलतेचे प्रतीक म्हणून पदरात पडतात. अंगणवाडीतील ओटीत हळदीकुंकू आणि नारळ तसेच राहतात, पण त्यांच्याबरोबर शेवग्याच्या पाल्याची जुडी, मेथी, शेंगदाणे, गुळाचा खडा, हरभरे, नाचणीचे पीठ आणि लिंबू किंवा आवळा येतो. शेजारच्या ताटात मोड आलेली मटकी आणि उकडलेली अंडी मांडलेली असतात. अंडे सहसा ओटीत पडत नाही, कारण शुभकार्यातील पदर आणि अंडे यांचा मेळ अनेक घरांना रुचत नाही. मात्र ताटात ते चालते, आणि त्या एवढ्याशा तडजोडीतून नव्या आहारशास्त्राने जुन्या विधीशी कुठवर जुळवून घेतले आहे, हे नेमके कळते. ओटी भरताना अंगणवाडी सेविका प्रत्येक जिनसाचे नाव घेऊन तो कशासाठी हे सांगते: पाला आणि गूळ रक्तासाठी, कडधान्य व अंडी बाळाच्या वाढीसाठी, नाचणी हाडांसाठी, लिंबू जेवणातील लोह अंगी लागण्यासाठी.

ओटीनंतर किंवा तिच्याआधीच, काही वेळा हिरव्या बांगड्यांसकट, स्त्री वजनकाट्यावर उभी राहते. चपला काढायला लावणे, काट्याचा आकडा शून्यावर आहे का ते पाहणे, आणि तो स्थिर झाल्यावरच वाचणे या साध्या वाटणाऱ्या कृतींवर पुढचे सारे अवलंबून असते, कारण गरोदरपणात साधारण दहा ते बारा किलोंनी वजन वाढावे अशी अपेक्षा असते आणि महिन्याकाठी एखाद-दीड किलोचा फरकही अर्थपूर्ण असतो. हा आकडा माता व बाल संरक्षण कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदणीपासून बाळाच्या लसीकरणापर्यंतच्या नोंदी एकत्र ठेवणाऱ्या घडीच्या पुस्तिकेवर, लिहिला जातो आणि त्याबरोबरच सेविकेच्या मोबाइलमधील पोषण ट्रॅकर या ॲपवर भरला जातो. हिमोग्लोबिनचा रकाना त्याच कार्डावर असतो. रक्तातील ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या या लोहयुक्त घटकाचे प्रमाण गरोदर स्त्रीत दर डेसिलिटरला ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिला रक्तक्षय आहे असे मानतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रिया या रेषेच्या खाली होत्या.

या आकड्याच्या प्रकाशात डोहाळ्यांचाही निराळा अर्थ लागतो. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त राणी सुदक्षिणेला मातीचे डोहाळे लागतात, आणि खेड्यापाड्यांत आजही गरोदर स्त्रिया चुलीची भाजकी माती, खापराचा तुकडा, कच्चे तांदूळ किंवा पाटीवरची पेन्सिल लपून खाताना आढळतात. अन्न नसलेल्या वस्तू खाण्याची ही ओढ लोहाच्या कमतरतेबरोबर वारंवार दिसते, हे वैद्यकाने नोंदवले आहे. त्यामुळे ज्या डोहाळ्यांचे गाण्यांतून कौतुक होते, त्यांतील काही कौतुकापेक्षा तपासणीच्या योग्यतेचे असतात. अनुभवी सेविका ‘काय खावेसे वाटते?’ हा प्रश्न सगळ्यांसमोर हसतखेळत विचारते, पण माती खाण्याबद्दल मात्र ती स्त्रीला बाजूला घेऊन विचारते, कारण चारचौघींत त्याची कबुली कोणी देत नाही.

औषधाचा भाग लाल रंगाच्या गोळीपाशी येऊन थांबतो. लोह आणि फॉलिक आम्ल यांच्या या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते, आणि ती चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस व बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायची असते. कॅल्शियमच्या दोन गोळ्या दिवसभरात वेगळ्या वेळी घ्यायच्या असतात, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, आणि चहाबरोबर घेतली तर ती पुरेशी लागू पडत नाही. या तिन्ही गोष्टी सेविका उत्सवमूर्तीपेक्षा तिच्या सासूकडे पाहून सांगते. “काकू, गोळी जेवणानंतर द्या, चहाबरोबर नको,” असे ती म्हणते, तेव्हा गावातल्या मुलीचे किंवा सुनेचे नाते तिच्या अधिकाराला आधार देते. “ताई, जास्त खाल्लं की बाळ मोठं होतं, मग मोकळी कशी व्हायची?” हा सासूचा प्रतिप्रश्न जुनाच आहे. बाळंतपण सोपे जावे म्हणून गर्भवतीला हात राखून वाढण्याची समजूत त्यामागे असते. ज्या बाईने स्वतः अर्धपोटी बाळंतपणे काढली, तिला या प्रश्नाचे उत्तर सर्वांसमक्ष आणि मानाने मिळणे हाच या कार्यक्रमाचा खरा गाभा होय. स्वयंपाकघराची किल्ली तिच्याकडे असल्यामुळे डोहाळजेवण जरी सुनेचे असले, तरी त्याचा श्रोता सासूच असते.

ताटाचा प्रश्न याच टप्प्यावर उघडा पडतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ ने गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने मोफत आहाराचा हक्क दिला आहे, आणि पूरक आहाराच्या निकषांप्रमाणे या स्त्रियांना दिवसाला ६०० उष्मांक व १८ ते २० ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. हा आहार बहुतांश ठिकाणी घरपोच शिधा म्हणून, सेविकांच्या भाषेत टीएचआर म्हणून, पाकिटांतून किंवा कोरड्या धान्याच्या रूपात दिला जातो. घरी गेलेला शिधा मात्र घराचा होतो: पातेल्यात पडल्यावर तो सर्वांच्या ताटांत वाटला जातो, आणि शेवटी जेवायला बसणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला त्यातला सर्वांत लहान हिस्सा येतो. याच अनुभवातून महाराष्ट्राने आदिवासी क्षेत्रांत २०१५ मध्ये डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा अंगणवाडीतच बसून गरम, पूर्ण जेवण दिले जाते. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, पालेभाजी आणि त्यासोबत अंडे, केळ किंवा नाचणीचा पदार्थ असे ते ताट असते. पाड्यावरच्या पाच-सहा जणी एका रांगेत बसून जेवतात, तेव्हा वाटणीचा प्रश्नच उरत नाही, आणि ताट रिकामे झाल्याचे सर्वांना दिसते. एका दिवसाच्या डोहाळजेवणात जे प्रतीकात्मक असते, ते येथे रोजचे होते.

विधी सार्वजनिक झाला की त्यातील वगळणुकीही सार्वजनिक होतात. घरच्या डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांतून पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी असा खेळ असतो. गर्भलिंग चाचणीवर १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम कायदा करणाऱ्या आणि १९९४ च्या केंद्रीय कायद्याखाली अजूनही झगडणाऱ्या राज्यात, सरकारी खोलीतील त्या वाट्या निरागस राहत नाहीत. ओटी कोणी भरायची, हा दुसरा प्रश्न आहे. प्रथेप्रमाणे हा मान सवाष्णीचा असतो, परंतु सेविकाच विधवा असेल तर ज्या केंद्राचा सारा कारभार तिच्या हाती असतो, त्याच केंद्रातील ओटीपासून तिला दूर उभे राहावे लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींना त्याचे अनुकरण करण्यास सांगितले, तेव्हा या प्रश्नाला अधिकृत उत्तर मिळाले. प्रत्यक्षात ते प्रत्येक अंगणवाडीत, प्रत्येक ओटीच्या वेळी नव्याने द्यावे लागते.

पुरुषांचा सहभाग हा या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा आहे. सुपोषण दिवस नवऱ्यांसाठी योजलेला असला, तरी तो भर दुपारी घेतला तर शेतावर, बांधकामावर किंवा ऊसतोडीला गेलेला माणूस येऊ शकत नाही. परिणामी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेची माहितीही बहुधा बायकांनाच मिळते. पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये आईच्या स्वतःच्या खात्यात जमा करणारी ही योजना मजुरी बुडाल्याची अंशतः भरपाई म्हणून आखलेली आहे. आधार आणि बँक खाते जोडण्याची खटपट मात्र घरातील पुरुषाच्या सवडीवर अडून राहते.

या सगळ्याचा भार जिच्यावर असतो ती सेविका स्वतः बहुधा आईच असते, आणि तिला मिळणाऱ्या रकमेला वेतन न म्हणता मानधन म्हणतात. हा शब्द तिच्या कामाला स्वेच्छेच्या सेवेत जमा करतो. कार्यक्रमाच्या दिवशी ती ओटी भरते, वजने घेते, फोटो काढून पाठवते, ट्रॅकर भरते, आणि आदल्या संध्याकाळी तिने घरोघर जाऊन सासवांना बोलावणे केलेलेही असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र असल्याचा निर्णय दिला आणि त्यांचे काम अर्धवेळ समजण्याची प्रथा खोडून काढली. इतर मातांच्या कौतुकासाठी खोली सजवणाऱ्या या स्त्रियांच्या श्रमांचे मोल ठरण्यास योजनेच्या प्रारंभानंतर सेहेचाळीस वर्षे जावी लागली.

कार्यक्रम संपल्यावर सतरंजी गुंडाळली जाते, खुर्ची समोरच्या घरी परत जाते, आणि ओटीचा पदर सावरत ती स्त्री सासूबरोबर घराकडे निघते. कार्यक्रम झाल्याची खूण म्हणून केंद्राकडे फोटो उरतो. त्या संध्याकाळी शेवग्याच्या पाल्याची भाजी झाली का, ती तिच्या ताटात किती पडली, आणि ती सगळ्यांच्या आधी जेवली का, यांपैकी काहीही त्या फोटोत दिसत नाही. त्याचे उत्तर कार्डावर एका रकान्यात असते, आणि तो रकाना पुढच्या महिन्यात ती काट्यावर उभी राहीपर्यंत कोरा असतो.