खुराडं कोरडं, तर कोंबडी धडधाकट



दिवाळी उरकली, मक्याची कणसं घरात आली आणि पहाटे दारोदारी शेकोट्या पेटायला लागल्या. आमच्या सातपुड्यात, म्हणजे धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ या पट्ट्यात, थंडी जरा जास्तच असते. डाब आणि तोरणमाळला गवतावरचं दव गोठल्याच्या बातम्या तुम्हीही ऐकल्या असतील. तिकडे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी तसंच होतं, आणि निफाडला द्राक्षबागा वाचवायला शेतकरी रात्री बागेत शेकोट्या करतात.

या दिवसांत गटाच्या बैठकीत बचतीची वही मिटली की एक विषय हमखास निघतो. "ताई, रात्री चांगली कोंडली होती हो, सकाळी बघते तर दोन आडव्या. थंडीनं गेल्या बघा." असं ऐकलं नाही असं एकही गाव आम्हाला आठवत नाही. म्हणून आज थंडीतल्या कोंबडीबद्दल बोलू.

कोंबडी मेली म्हणजे काय गेलं, ते आधी बघू. शेत, बैल, बाजारात विकलेला मका, यांचा पैसा बहुतेक घरी पुरुषांच्या हातात जातो. कोंबडी मात्र बाईची. अंड्याचा पैसा तिच्या कनवटीला येतो. त्यातून पोराची वही येते, तेल-मीठ येतं आणि गटाचा हप्ताही भरला जातो. जरा हिशोब करू. समजा एका कोंबडीखाली १० अंडी बसवली, त्यातून ८ पिल्लं निघाली. थंडीत त्यातली ३ वाचली, तर पाच-सहा महिन्यांनी विकायला ३ पक्षी. ६ वाचली, तर ६ पक्षी. एक पक्षी ४०० रुपयांना गेला असं धरलं, तरी एका वेतात १२०० रुपयांचा फरक पडतो. वर्षाला दोन-तीन वेतं धरा. हा फरक पदरात पाडायला मोठं कर्ज लागत नाही, लक्ष द्यावं लागतं.

आता प्रश्न असा, की कोंबडी खरंच थंडीनं मरते का? आपल्या अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपास असतं, कोंबडीचं ४१ अंशांच्या आसपास. म्हणजे ती आपल्यापेक्षा गरम. शिवाय तिच्या अंगावर पिसांची गोधडी आहे. थंडी वाजली की ती पिसं फुलवते. पिसांच्या मध्ये हवा अडकते आणि अंगाची ऊब बाहेर जात नाही. दांडीवर बसली की पाय पोटाखाली घेते, चोच पंखात खुपसते. अंग कोरडं आणि पोट भरलेलं असेल, तर मोठी कोंबडी आपल्याकडची थंडी सहज काढते. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बर्फ पडतं, तापमान शून्याच्या कितीतरी खाली जातं, तिथेही लोक घरामागे कोंबड्या पाळतात. आणि तिथले जाणकारसुद्धा सांगतात की खुराड्याच्या वरच्या बाजूची हवा कधी बंद करू नका. एवढ्या थंडीतही ओल झाली तरच तुऱ्याला जास्त इजा होते, हा त्यांचा अनुभव.

मग आपल्याकडे काय घडतं? थंडीच्या धाकानं आपण खुराड्याची सगळी भोकं गोणपाटानं आणि प्लास्टिकच्या कागदानं बुजवतो. आत दहा-बारा कोंबड्या असतात. कोंबडीला घाम येत नाही, तिच्या अंगातलं जास्तीचं पाणी श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. रात्रभर ती वाफ आतच कोंडते. सकाळी पत्र्याला आतून थेंब लटकलेले दिसतात, ती हीच वाफ. थेंब खाली पडतात, बिछाना ओला होतो, पिसं ओली होतात. गोधडी ओली झाली तर आपल्याला ऊब मिळेल का? तसंच तिचं होतं. ओल्या विष्ठेतून झोंबणारा वायू निघतो, त्याला अमोनिया म्हणतात. त्यानं कोंबडीचे डोळे चुरचुरतात आणि श्वासनळीची आतली कातडी सोलवटते. मग सर्दी, घुरघुर आणि हरतऱ्हेचे आजार तिला सहज गाठतात. नाव थंडीचं होतं, पण मारते ती ओल आणि कोंडलेली हवा.

हे तपासायची सोपी युक्ती आहे. पहाटे खुराडं उघडल्याबरोबर गुडघ्यावर बसा, डोकं कोंबडीच्या उंचीला न्या आणि श्वास घ्या. नाक झोंबलं किंवा डोळ्यांत पाणी आलं, तर तुमच्या कोंबड्या रात्रभर तेच सोसत होत्या असं समजा.

आता उपाय. थंड वारा आपल्याकडे मुख्यतः उत्तरेकडून येतो. ती बाजू खालपासून कोंबडीच्या डोक्याच्या वर जाईल इतकी गोणपाटानं किंवा शेणमातीनं लिंपलेल्या कुडानं बंद करा. दार पूर्वेला किंवा दक्षिणेला ठेवा, म्हणजे कोवळं ऊन आत येतं. छपराच्या खाली मात्र वीतभर फट मोकळी सोडा आणि तिला बारीक जाळी ठोका. वाफ वर जाते आणि तिथून निघून जाते. वारा कोंबडीच्या अंगावर नको, पण डोक्यावरून वाहायला हवा, एवढं सूत्र ध्यानात ठेवा. जाळी मजबूत घ्या, कारण रानमांजर थंडीतही रात्री फिरतंच.

एका मोठ्या कोंबडीला रात्री दीड ते दोन चौरस फूट जागा धरा. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर मनगटाएवढी जाड दांडी आडवी बांधा. जमिनीवर बसलेली कोंबडी ओलीत बसते, दांडीवरची कोरडी राहते. खाली भाताचं तूस, भुईमुगाची टरफलं किंवा लाकडाचा भुसा चार बोटं जाड पसरा. आठवड्यातून दोनदा काठीनं हलवा, ओला झालेला भाग काढून उकिरड्यावर टाका. तेच पुढे परसातल्या वांगी-मिरचीला खत होतं. दुपारी खुराड्याचं दार उघडं ठेवून ऊन आत जाऊ द्या. अंगणात एका कोपऱ्यात चुलीची थंड, कोरडी राख आणि माती मिसळून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात आणि अंगावरच्या उवा-पिसवा कमी होतात.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. बंद खुराड्यात निखाऱ्याची शेगडी किंवा घमेलं ठेवू नका. निखाऱ्यातून वास नसलेला विषारी वायू निघतो. कोंबड्या झोपेतच जातात आणि कळतही नाही. भुशानं पेट घेतला तर घरच जळतं. हीच गोष्ट माणसांच्या खोलीलाही लागू आहे, हे वेगळं सांगायला नको.

आता पिल्लांकडे येऊ. वर सांगितलं ते मोठ्या कोंबडीचं. पिल्लाची गोष्ट वेगळी, कारण त्याच्या अंगावर पिसं नसतात, नुसता कापूस असतो. त्याला थंडी खरोखर मारते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी केली तरी चालते. साधारण चार आठवड्यांनी पिसं भरत आली की धोका कमी होतो.

सगळ्यात चांगली शेगडी म्हणजे आईचं पोट. म्हणून खुडूक कोंबडीखाली थंडीत १५ अंडी ठेवू नका, १० ठेवा. तिच्या पंखाखाली बसतील तेवढीच अंडी गरम राहतात, कडेची गारठतात आणि आत वाढणारा जीव मरतो. अंडी आठवड्याच्या आतली घ्या. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात बॅटरीच्या उजेडापुढे धरून बघा. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर अंडं भरलंय, स्वच्छ दिसलं तर ते काढून घ्या. २१ व्या दिवशी पिल्लं निघतात. पहिले आठ-दहा दिवस आई आणि पिल्लं डालग्याखाली, कोरड्या जागी ठेवा. ऊन चांगलं तापल्यावरच बाहेर सोडा आणि दव पडायच्या आधी आत घ्या.

गटानं विकत आणलेल्या एक दिवसाच्या पिल्लांना मात्र आई नसते. तिथे बल्ब लागतो. पण आता घरोघरी एलईडीचे दिवे आहेत, ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. त्यासाठी जुना तारेचा पिवळा बल्बच हवा, एका पिल्लामागे साधारण दोन वॅट. पुठ्ठ्याचा किंवा पत्र्याचा गोल कठडा करा, म्हणजे पिल्लं कोपऱ्यात चेंगरत नाहीत. वीज गेली तर बाटल्यांत गरम पाणी भरा, फडक्यात गुंडाळा आणि मध्ये ठेवा. ऊब बरोबर आहे का, ते पिल्लंच सांगतात. एकावर एक चढली तर थंडी वाजतेय. बल्बपासून पळून कडेला गेली, चोच उघडी, तर उकडतंय. सगळीकडे सारखी पसरून खेळत असतील, तर बरोबर आहे.

खाण्याचं बघू. आपली कोंबडी दिवसभर चरते, पण थंडीत किडे-मुंग्या कमी मिळतात आणि अंग गरम ठेवायला दाणा जास्त लागतो. म्हणून संध्याकाळी कोंडायच्या आधी प्रत्येकीला मूठभर मका किंवा ज्वारी द्या. भरल्या पोटाची कोंबडी रात्रभर आतून गरम राहते. पिल्लांना मक्याचा बारीक भरडा, तांदळाची कणी, आणि जमेल तेव्हा वाळवी द्या, पिल्लं तिच्यावर तुटून पडतात. पाणी सकाळी कोमट द्या. बर्फासारखं पाणी कोंबडी पीत नाही, आणि पाणी कमी पडलं की अंडीही कमी होतात.

अंडी कमी होण्याबद्दल थोडं अजून. "थंडीत कोंबडी आटली, विकून टाकते," असं बऱ्याच जणी म्हणतात. थांबा. कोंबडीचं अंडं उजेडावर चालतं. भरपूर अंडी द्यायला तिला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस अकरा तासांच्या आसपासच असतो. काही कोंबड्या याच दिवसांत जुनी पिसं गाळतात. ती म्हातारी झालेली नाही, विश्रांती घेतेय. डिसेंबर संपत आला की दिवस हळूहळू मोठा व्हायला लागतो आणि ती परत अंड्यावर येते. आता मातीमोल किमतीला विकलेली कोंबडी फाल्गुनात दुप्पट पैसे देऊन विकत घ्यावी लागते.

शेवटचं आणि महत्त्वाचं म्हणजे लस. गावच्या गाव कोंबड्या साफ होतात, त्याचं मोठं कारण राणीखेत. काही ठिकाणी याला मानमोडी म्हणतात. मान वाकडी होते, हिरवी पातळ विष्ठा पडते, कोंबडी चोच उघडून श्वास घेते. यावर औषध नाही, लस मात्र आहे. पिल्लू ५ ते ७ दिवसांचं झालं की लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात. पुढे साधारण आठव्या आठवड्यात टोचायची लस. नंतरचे डोस पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या.

अडचण अशी की लशीची बाटली बहुधा १०० डोसची असते. ती बर्फात आणावी लागते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांची धनीण एकटी काय करणार? पण गटातल्या दहा जणींच्या मिळून शंभर होतात. एक दिवस ठरवा, पशुसखीला बोलवा, सकाळी कोंबड्या सोडायच्या आधी घरोघर फिरा. खर्च वाटला तर प्रत्येकीला तो अंड्यांच्या पैशात बसतो. शेजारणीच्या कोंबड्यांना लस नसेल तर रोग तिच्याकडून तुमच्याकडे येतो, म्हणून एकही घर सोडू नका.

अचानक खूप कोंबड्या मेल्या तर काय? देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ सालच्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. २०२१ मध्येही तिथे तो आला. तेव्हा मेलेली कोंबडी उघड्या हातानं उचलू नका, नाल्यात टाकू नका, आजारी कोंबड्या घाईनं बाजारात नेऊ नका, खाऊही नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. लपवल्यानं नुकसान वाचत नाही, ते दहा गावांत पसरतं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीच्या आत तीन कामं करायची. एक, पहाटे गुडघ्यावर बसून खुराड्याचा वास घ्यायचा. दोन, छपराखालची फट मोकळी करून जाळी ठोकायची. तीन, गटात कुणाकडे किती कोंबड्या आणि किती पिल्लं, याची यादी करून लसीची तारीख ठरवायची. यादी बचतीच्या वहीतच लिहा. तीही बचतच आहे, फक्त पंख असलेली.