काय राहून गेलं?

तीन प्राध्यापक आणि एक कादंबरीकार. बीबीसीच्या ‘इन अवर टाइम’मध्ये एवढीच माणसं असत. एखाद्या आठवड्यात सम्राट अशोक, एखाद्या आठवड्यात फोटॉन, कधी उपनिषदं. ऑक्टोबर १९९८मध्ये रेडिओ ४वर सुरू झालेला हा कार्यक्रम २००४पासून पॉडकास्ट म्हणूनही मिळू लागला. कादंबरीकार मेल्व्हिन ब्रॅग यांनी हजारावर भाग चालवले आणि २०२५मध्ये सूत्रं खाली ठेवली.

बोलायला येणारे विद्यापीठात तो विषय शिकवणारे. ब्रॅग मात्र दर आठवड्याला नव्या विषयाची टिपणं वाचून बसत, आणि त्यांच्या कामाची खरी कसोटी इथेच होती. पाहुणा परिभाषेत शिरला की ते त्याला अडवत, साध्या शब्दांत सांगायला लावत. पाल्हाळ लागलं की पुढे ढकलत. कधी ते तुटकही वाटे. पण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत अख्खं राज्य किंवा अख्खं प्रमेय मांडायचं, तर कुणीतरी घड्याळाकडे बघायलाच हवं.

या धावपळीत जे सुटतं, ते पॉडकास्टला सापडलं. रेडिओवरचा भाग संपल्यावरही माइक चालू ठेवायचे आणि ब्रॅग विचारायचे, काय राहून गेलं? मग प्राध्यापकांचा आवाजच बदलतो. आवडता पुरावा बाहेर येतो, शेजारच्याशी असलेला मतभेद उघड होतो, एखादी गोष्ट अजून कुणालाच नीट कळलेली नाही हेही कुणी मोकळेपणाने सांगतं. संशोधन आतून कसं दिसतं, ते या पाच-सात मिनिटांत जितकं कळतं तितकं आधीच्या पाऊण तासात कळत नाही. शेवटी निर्माता चहा की कॉफी विचारत आत येतो. तेही कापलं जात नाही.

पीटर अ‍ॅडमसन यांच्या पॉडकास्टची रीत अगदी वेगळी. लंडनच्या किंग्ज कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत असताना, २०१०मध्ये त्यांनी तत्त्वज्ञानाचा इतिहास सलग, एकही दुवा न गाळता सांगायला घेतला. सुरुवात ग्रीक तत्त्वज्ञ थेलिसपासून. बहुतेक भाग साधारण वीस मिनिटांचे, आधी लिहून काढलेले. अधूनमधून त्या त्या विषयाच्या अभ्यासकाची मुलाखत. गाजलेल्या दोन नावांमधले विस्मृतीत गेलेले विचारवंतही त्यामुळे ऐकायला मिळतात, आणि एकट्या माणसाने उपसलेल्या या कामाचं मोल त्यातच आहे. भारतीय दर्शनांसाठी मात्र त्यांनी तत्त्वज्ञ जोनार्डन गनेरी यांना सोबत घेतलं. दोघांनी मिळून केलेल्या त्या भागांचं पुढे ऑक्सफर्डने पुस्तक काढलं. आधी कानांसाठी लिहिलेलं, मग छापलेलं.